ऑटोमॅटिक सेंटर पंच घ्यावा का? माझ्या टेबलावरच्या चार पंचांबद्दल

"अक्का, तीन बोल्ट बसलेत, चौथा बसंना की."

मागच्या एप्रिलमध्ये टॉवेलच्या एका कारखान्यातला जॉबर (लूमची दुरुस्ती बघणारा) हातात ब्रॅकेट घेऊन आमच्या शेडच्या दारात उभा होता. ब्रॅकेट मीच आदल्या दिवशी करून दिलेला. १० मिमी जाडीची पट्टी, चार भोकं, १२ मिमीचे बोल्ट. व्हर्नियर लावून बघितलं तर चौथं भोक दीड मिमी सरकलेलं. आखणी बरोबर होती, पट्टीवर रेघा अजून स्वच्छ दिसत होत्या. भोकाचा मध्य तेवढा रेघांच्या फुलीवर नव्हता. नवा ब्रॅकेट मी लगेच आणि पैसे न घेता करून दिला, पण तोवर लूम (यंत्रमाग) बंद उभाच होता. त्या लूमवरच्या विणकराला मीटरवर मजुरी. त्याचा अर्धा दिवस गेला, तो मला भरून देता आला नाही.

संध्याकाळी मी ड्रिल मशीन तपासलं, चक तपासला, बिटची धार बघितली. सगळं ठीक. शेवटी सेंटर पंच, म्हणजे भोकाच्या जागी खड्ड्याची खूण पाडायचं टोकदार हत्यार, उचलून बल्बच्या उजेडात धरला. टोक ज्वारीच्या दाण्यासारखं गोल झालेलं. किती महिन्यांपासून तसं होतं देव जाणे.

त्यानंतर वर्षभर या वीतभर हत्याराकडे मी नीट लक्ष दिलं. दोन पंच नवीन घेतले, जुना घासून सरळ केला आणि अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, कपाटातला बाहेर काढला. चारही हाताखालून गेले. कोणता कशाला चालतो आणि पैसे कशावर घालावेत, याबद्दल आता मला ठामपणे काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

आमचं वर्कशॉप सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला. अप्पांनी सुरू केलं, मी आयटीआयला फिटर ट्रेड केला आणि १४ वर्षं त्यांच्याबरोबर आहे. काम जास्त करून पूर्व भागातल्या पॉवरलूमचं: ब्रॅकेट, शाफ्ट, बुश, तुटलेल्या बिडाच्या भागांची जोडणी. बाकी गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग. शेजारच्या शेडमध्ये सुतारकाका बसतात, त्यामुळे लाकडाचीही बरीच कामं आमच्याच ड्रिलवर होतात.

आधी भोक का सरकतं ते सांगते, कारण ते कळलं की पंच निवडणं सोपं जातं. ड्रिल बिटच्या अगदी मधोमध धार नसते. दोन्ही बाजूंच्या धारा जिथे भेटतात तिथे एक छोटी आडवी कड असते. ही कड कापत नाही, धातूला नुसती रगडत पुढे जाते. सपाट पत्र्यावर फिरता बिट टेकवला की ही कड आधार शोधत इकडेतिकडे भटकते आणि जिथे पहिल्यांदा रुतते तिथेच भोक पडतं. पंचाचा खड्डा म्हणजे त्या कडेला बसायला दिलेली जागा. खड्ड्याचं तोंड कडेपेक्षा रुंद हवं. १२ च्या बिटची कड इतकी मोठी असते की एका पंचाच्या खुणेत ती मावत नाही. म्हणून आधी ३ किंवा ४ मिमीचं बारीक भोक मारून मग मोठा बिट लावायचा. त्या ब्रॅकेटला मी घाईत तेही केलं नव्हतं. बोथट पंच आणि थेट १२ चा बिट, दोन्ही चुका एकाच भोकात.

आता पंच. आयटीआयमध्ये सुरुवातीलाच शिकवतात: आखणीसाठी डॉट पंच, टोक ६० अंशांचं, भोकाआधी सेंटर पंच, टोक ९० अंशांचं. मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले आणि शेडमध्ये आल्यावर एकाच पंचाने दोन्ही कामं करत राहिले. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी असंच चालतं. पण हे दोन वेगळे पंच आहेत, आणि वेगळे ठेवल्यावर माझी भोकं जितकी सुधारली तितकी कुठल्याही महागड्या वस्तूने सुधारली नाहीत.

अप्पांचा डॉट पंच जुन्या गोल कानशीचा आहे. त्यांनी तो मी शाळेत असताना केला. कानशीचं पोलाद कडक असतं पण ठिसूळही. तसंच वापरलं तर हातोडीच्या घावाने तुकडा उडतो. म्हणून अप्पांनी ती तापवून हळूहळू थंड होऊ दिली, दाते घासून काढले, टोक केलं, टोकाला पाणी पाजलं (तांबडं तापवून बुडवलं, की ते कडक होतं) आणि मग पुन्हा मंद आचेवर धरून गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंतच तापवलं. डोक्याकडची बाजू मऊ ठेवली. दुकानात मिळणारा चांगला पंचही असाच असतो, टोक कडक आणि डोकं मऊ, कारण हातोडीचा पृष्ठभाग कडक आणि पंचाचं डोकंही कडक असेल तर दोघांपैकी एकाची कपची उडते.

हा पंच हातात पेन्सिलसारखा बसतो. त्याची खरी गंमत वापरताना कळते. स्क्रायबरने (रेघ ओढायच्या अणकुचीदार सळईने) मारलेली रेघ म्हणजे पत्र्यात कोरलेली बारीक चरी. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे डोळ्यांनी नेम धरायची गरजच नसते. पंच तिरका धरायचा, टोक एका रेघेत ठेवायचं आणि रेघेतूनच हळूहळू पुढे सरकवायचं. दुसरी रेघ आली की टोक बारीकसं अडखळतं. बोटांना ते स्पष्ट कळतं. तिथे थांबायचं, पंच सरळ उभा करायचा, २५० ग्रॅमच्या हातोडीने एक हलकी टिचकी. चष्मा नसतानाही अप्पा आज असंच मार्किंग करतात आणि त्यांची खूण फुलीच्या बाहेर जात नाही. ९० अंशांच्या जाड टोकाला हे जमत नाही. ते रेघेत शिरतच नाही, वरच्या वर घसरतं.

पहिली टिचकी हलकीच हवी, याला कारण आहे. मारल्यावर वाकून बघायचं. खूण केसभर बाजूला पडली असेल तर पंच त्याच खड्ड्यात ठेवून जिकडे न्यायचं आहे तिकडे टोक दाबलं जाईल असा तिरका करायचा, एक टिचकी द्यायची, मग सरळ करून पुन्हा एक. खड्डा सरकतो. जोरात मारलेला खड्डा असा सरकवता येत नाही. बिट पुन्हा जुन्या जागीच घरंगळतो.

रेघा दिसण्यासाठी आम्ही मोरचूद वापरतो. पाण्यात विरघळवून स्वच्छ पुसलेल्या लोखंडावर फडक्याने लावलं की तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ चांदीसारखी चमकते. मार्किंगचं निळं औषधही मिळतं आणि ते जास्त सोयीचं आहे, पण मोरचूद शेतीच्या औषधांच्या दुकानात कधीही मिळतो. व्हर्नियरला आणि मापाच्या पट्ट्यांना मात्र तो लागू देऊ नका.

दुसरा पंच साधा सेंटर पंच, तोच ज्याने ब्रॅकेट बिघडवला. पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून ११० रुपयांना घेतलेला. पंचाचा काही दोष नव्हता, मी त्याला कधी धारच लावली नव्हती. कानस घासली गेली की आपण बदलतो, बिट बोथट झाला की ग्राइंडरवर धरतो, पण पंचाला धार लावताना मी फार कमी लोकांना पाहिलंय.

धार लावायची पद्धत सोपी आहे, एकच गोष्ट सांभाळायची. ग्राइंडरचा टेकू दगडाच्या अगदी जवळ आणून घट्ट करा. पंच दगडाच्या तोंडाला ४५ अंशांत धरा आणि बोटांमध्ये सारखा फिरवत राहा, थांबलात तर त्या बाजूला सपाट पैलू पडतो. दोन सेकंद टेकवा, पाण्यात बुडवा, परत दोन सेकंद. टोक बारीक असल्यामुळे क्षणात तापतं. निळा रंग दिसला की समजा टेंपर, म्हणजे टोकाचा कडकपणा, गेला. ते टोक पहिल्याच घावात दबेल. मग निळा भाग पूर्ण घासून काढायचा किंवा पुन्हा पाणी पाजायचं. ९० अंश झाले का हे बघायला वेगळं गेज लागत नाही. गुण्याच्या (काटकोनाच्या पट्टीच्या) आतल्या कोपऱ्यात टोक ठेवून उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंनी फट दिसली नाही तर बरोबर. ६० अंशांच्या डॉट पंचासाठी लेथवर आटे पाडताना वापरतो ते सेंटर गेज चालतं, त्याची खाच ६० अंशांचीच असते.

असा धार लावलेला ११० रुपयांचा पंच, डॉट पंचाच्या खुणेत बसवून, ४५० ग्रॅमच्या हातोडीचा एकच सरळ घाव. दोनदा मारू नका. पंच उडतो आणि दुसरा खड्डा पहिल्याच्या काठावर पडतो. खालून आधार भक्कम हवा. टेबलाच्या मधोमध, जिथे फळी दणदणते, तिथे अर्धा घाव फळीच खाते. टेबलाच्या पायावर किंवा लोखंडी ठोकळ्यावर काम ठेवा.

आता ऑटोमॅटिक. याबद्दलच मला सगळे विचारतात, कारण माझ्या हातात तो दिसतो आणि हातोडी दिसत नाही.

पहिला मी ऑनलाइन मागवला, २८० रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, एका नगावरून कंपनी ठरत नाही. पहिला आठवडा फार छान गेला. टोक फुलीवर ठेवायचं, टोपी तळहाताने दाबत जायचं, एका ठिकाणी 'खट्' असा आवाज होतो आणि खूण पडते. हातोडी नाही, दुसरा हात मोकळा. तिसऱ्या आठवड्यात खुणा उथळ पडायला लागल्या. टोपी फिरवून स्प्रिंग आवळली तरी तेच. भिंगातून बघितलं तर टोक चपटं. टोकावर कानस फिरवली आणि ती सरळ रुतली. पाणी पाजलेल्या पोलादावर कानस घसरते, रुतत नाही. म्हणजे टोक मऊच होतं. मी ते तांबडं तापवून तेलात बुडवलं, तरी कानस रुततच होती. त्या पोलादात कडक होण्याइतका कार्बन नसावा. पैसे परत मागितले तर मुदत संपल्याचं उत्तर आलं.

मग तो उघडून बघितला, ते बरं झालं. आतली रचना इतकी हुशार आहे की त्या दिवसापासून मला या हत्याराबद्दल आदर वाटायला लागला. टोकाच्या मागे एक बारीक दांडी. तिच्या मागे एक छोटी जड नळकांडी, ती म्हणजे आतली हातोडी. तिच्या मध्यात भोक. हातोडीमागे मोठी स्प्रिंग. दांडी एका लहान स्प्रिंगमुळे किंचित तिरकी उभी असते, त्यामुळे ती भोकात शिरत नाही, भोकाच्या काठावर टेकते. आपण दाबत जातो तसं दांडी हातोडीला मागे ढकलते आणि मोठी स्प्रिंग आवळली जाते. वर जाता जाता आतली नळी निमुळती होते आणि दांडीला सरळ व्हायला भाग पाडते. सरळ झाली की ती भोकात शिरते, हातोडीचा आधार सुटतो आणि आवळलेली स्प्रिंग हातोडीला टोकाच्या मागच्या बाजूवर आपटते. तो 'खट्'. म्हणजे तुम्ही हळू दाबा की जोरात, घाव स्प्रिंगचा पडतो आणि दर वेळी सारखाच पडतो. माणसाच्या हाताला हे जमत नाही.

दुसरा ऑटोमॅटिक मी दुकानात जाऊन, कानस खिशात ठेवून घेतला. दुकानदाराला सांगितलं, "दादा, टोकाच्या बाजूला जरा कानस लावून बघते, रुतली तर घेणार नाही." ते म्हणाले, "लावा की, माल चांगला आहे." कानस घसरली. ९५० रुपये दिले. दहा महिने झाले, एकदाच धार लावली आहे. टोक आट्यांचं आहे, फिरवून निघतं, आणि जादाचं एक टोक मी तेव्हाच मागून घेतलं. ही गोष्ट घेतानाच विचारा. टोक निघत नसेल तर टोक गेलं की पूर्ण पंच गेला.

त्याची किंमत कुठे वसूल होते ते सांगते. गेट आणि ग्रिलसाठी आम्ही १६ किंवा १८ गेजचा चौकोनी पाइप वापरतो, म्हणजे भिंत साधारण १.६ किंवा १.२ मिमीची. त्यावर हातोडीने पंच मारला की खड्ड्याभोवती पूर्ण भिंतच खोलगट दबते आणि रंग दिल्यावर ती खळी दुरून दिसते. पाइपच्या आत आधार घालता येत नाही. ऑटोमॅटिकची स्प्रिंग सैल ठेवून मारली की फक्त टिंब पडतं, भिंत दबत नाही. एका गेटला कडी-कोयंडा आणि बिजागऱ्यांची मिळून वीस-बावीस भोकं. आता एकही खळी पडत नाही.

दुसरी जागा म्हणजे लूमच्या खाली. लूमची चौकट बिडाची आणि जागेवरून हलवणं शक्य नाही. पाठीवर झोपून वरच्या बाजूला खूण करायची असते. एका हातात टेम्प्लेट, एका हातात पंच. तिसरा हात हातोडीसाठी कुठून आणणार? शिवाय बिडाचा बारीक कान (बाहेर आलेला छोटा भाग) जोराच्या घावाने तुटू शकतो, आणि जुन्या लूमचा कान तुटला तर वेल्डिंगने तो पहिल्यासारखा होत नाही. इथे ऑटोमॅटिकला पर्याय नाही. फक्त चष्मा घाला, बिडाची बारीक कपची डोळ्यांवरच येते.

तिसरी जागा स्टेनलेसचं रेलिंग. ३०४ स्टेनलेस दाबला गेला की त्या जागी कडक होतो. हातोडीने जोरात पंच मारला तर आपणच भोकाच्या मध्याला कडक करून ठेवतो. मग बिट तिथे फिरत राहतो, चिरचिर आवाज येतो आणि धार जळते. हे मी बरेच बिट घालवून शिकले. आता सैल स्प्रिंग, एकच टिंब, कमी वेग, तेल आणि सुरुवातीपासून ठाम दाब. बिट कापत नसेल तर थांबवायचा, घासत ठेवायचा नाही.

मे महिन्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या शेडवर पत्रा आहे आणि बाहेर ४२-४३ असतं तेव्हा दुपारी लोखंडाला हात लागत नाही. घामाने हात ओले असतात. पॉलिश केलेल्या गुळगुळीत अंगाचा पंच तेव्हा घसरतो, आणि ऑटोमॅटिक पंच दाबताना घसरला तर कामावर लांब ओरखडा पडतो. अंगावर नर्लिंग, म्हणजे पकडीसाठी पाडलेली खरबरीत नक्षी, खोल हवं, आणि टोपी तळहातात रुतणार नाही इतकी गोल. दुकानात कोरड्या हाताने धरून हे कळत नाही. मी हाताला थोडं पाणी लावून बघितलं होतं.

आणि ऑटोमॅटिक कुठे चालत नाही? १० मिमीच्या वरच्या जाड पट्ट्यांवर मोठं भोक पाडायचं असेल तर त्याची खूण मला अपुरी वाटते. स्प्रिंग पूर्ण आवळली तरी. तिथे ११० रुपयांचा पंच आणि हातोडी. आखणीच्या नेमक्या कामालाही मी तो वापरत नाही, कारण दाबत असताना टोक फुलीवरून किंचित हलतं आणि रेघेतलं ते अडखळणं बोटांपर्यंत पोचत नाही. आधी अप्पांच्या पंचाने हलकं टिंब, मग त्या टिंबात ऑटोमॅटिक बसवला तर उत्तम. एका टूलरूमच्या माणसाने त्याचा स्टॅरेट १८ए हा ऑटोमॅटिक पंच मला हातात दिला होता. अमेरिकेत ॲथॉल गावात १८८० पासून चालू असलेल्या कंपनीचा. दाब लोण्यासारखा, घाव स्वच्छ. पण आमच्या कामाला तेवढ्या पैशांची गरज नाही, त्यात चार चांगले बिटचे सेट येतील.

लाकडाचं सुतारकाकांकडून शिकले. पहिल्यांदा त्यांच्या सागवानी फळीवर मी लोखंडाचाच सेंटर पंच मारला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "अगं पोरी, हे लोखंड नाही, याला नस आहे." आणि बोटाने दाखवलं: मी मारलेली खूण रेघेवरून नसेच्या बाजूला घसरलेली. लाकडात एक पट्टी कडक, एक मऊ. बोथट टोक कडक पट्टीवर पडलं की मऊ पट्टीकडे घरंगळतं. शिवाय ९० अंशांचं टोक तंतू कापत नाही, दाबून ठेवतं. त्यांच्याकडे बारीक टोच्या आहे, चौकोनी अणीचा. तो हाताने टेकवून अर्धा वळसा उलटसुलट फिरवतात. अणीच्या कडा तंतू कापतात आणि भोक सुबक पडतं. लाकडासाठीच्या बिटला मध्ये अणकुचीदार टोक असतं, त्याला असं सुईएवढं भोक पुरतं, मोठा खड्डा उलट नडतो.

पिकिंग स्टिकला (लूममधला धोटा फेकणाऱ्या लाकडी दांड्याला) भोकं पाडतानाही मी आता टोच्याच वापरते. लाकूड कठीण आणि घट्ट, तरी टोच्या शिरतो. एक अपवाद आहे आणि तो काकांनीही मान्य केला. बिजागरीचे स्क्रू. बिजागरी जागेवर धरून तिच्या भोकातून ऑटोमॅटिकचा डॉट द्यायचा. हातोडी मारताना बिजागरी हलते, इथे हलत नाही. सागवानात स्प्रिंग सैल, बाभळीत थोडी आवळून. भोकाच्या मधोमध टोक बसवायची काळजी आपली. एवढं केलं की स्क्रू तिरका जात नाही. काकांनी गेल्या दिवाळीआधी एका बंगल्याचे अकरा दरवाजे बसवले तेव्हा माझा पंच आठवडाभर त्यांच्याकडेच होता. मला परत मागवत नव्हता.

साध्या पंचाच्या डोक्याकडे लक्ष ठेवा. घाव खाऊन डोक्याच्या कडा छत्रीसारख्या बाहेर येतात. त्या कडेचा तुकडा गोळीसारखा उडतो. आमच्याकडच्या एका पोराच्या मनगटात असा तुकडा शिरला होता, दोन टाके पडले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: डोक्याला कड दिसली की ग्राइंडरवर उतरता गोल करून आणायचा, मगच हातोडी लावायची. आणि ऑटोमॅटिक पंच लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. बहुतेक गाड्यांच्या बाजूची काच कडक केलेली असते, कोपऱ्यात याचा एक 'खट्' बसला की पूर्ण काच चुरा होऊन खाली येते. अपघातात काच फोडायला लोक तो गाडीत ठेवतात, ते याचसाठी. पुढची काच थरांची असते, तिला तडा जाईल पण ती पडणार नाही.

कुणी विचारलं, आमच्याकडे फक्त दीडशे रुपये आहेत, काय घेऊ? साधा सेंटर पंच घ्या आणि गुण्याच्या कोपऱ्यात बसेल अशी धार लावा. तीनशे असतील तरी स्वस्त ऑटोमॅटिककडे जाऊ नका. त्या पैशांत एक डॉट पंच, एक सेंटर पंच आणि बारीक कामाची छोटी हातोडी बसते. पाइपचं, स्टेनलेसचं किंवा जागेवर जाऊन करायचं काम रोज असेल तर नऊशे-हजारचा ऑटोमॅटिक घ्या, कानस लावून आणि टोक बदलता येतं का विचारून. त्याआधी मात्र नको.

अप्पांचा पंच धार लावून लावून आता बोटभर उरलाय, पकडायला जेमतेम जागा आहे. एक जुनी गोल कानस मी बाजूला काढून ठेवलीय. दिवाळीत चार दिवस लूम बंद असतात, तेव्हा अप्पांना शेजारी बसवून तिला पाणी पाजायचंय. पिवळा रंग नेमका कुठवर येऊ द्यायचा, ते त्यांच्या डोळ्यांनी एकदा बघून घ्यायचंय.